बहिणीची राजीखुशी

कोल्हारला एका निवृत्त हायकोर्ट जज्जांचा सत्कार होता. नगरच्या कोर्टात वकिली करत ते वर चढले. भावांच्या धाकानं बहिणीनं जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही केली, तर ती खरी नव्हे, असे निकाल त्यांनी दिले. भाषणांत तेच कौतुक चाललं होतं आणि ते डोळे मिटून मान डोलवत होते.

मला राहवेना. उठून विचारलं, "सायेब, तुमच्या बहिणीला वाटा दिला का?"

ते हसले. "आजी, तिनं राजीखुशीनं हक्क सोडला."

त्यांची म्हातारी बहीण माझ्या शेजारीच बसली होती. तिनं माझा पदर ओढला. "खाली बसा वो बाई, माझं माहेर तुटंल."

संताप आला. म्हणलं, "सायेब, ही माहेर तुटंल म्हनून भितीय. आता द्या निकाल."