सुमनचं बोलणं

परवा दारावर घोंगडी विकणारा आला. लोकरीचा उग्र वास नाकात गेला आणि मी साठ सालच्या आसपासच्या कोळवणात जाऊन पोचले.

मी तिथल्या शाळेत शिक्षिका होते. यजमान वारलेले, सोबत तीन वर्षांची सुमन. दिवसभर तिला शेजारची धनगरीण हौसाबाई सांभाळायची. सुमन अजून बोलत नव्हती. मूल अनुकरणानं भाषा शिकतं, असं मी ट्रेनिंग कॉलेजात शिकले होते. म्हणून रोज संध्याकाळी तिच्यापुढे एकेक वस्तू धरायची. "म्हण, तांब्या. म्हण, पळी." म्हटलं तर खडीसाखर मिळणार होती. ती ओठ मिटून बसायची.

एकदा शाळा लवकर सुटली. हौसाबाईच्या मेंढरांच्या कुंपणाशी आले तर आतून आवाज आला, "ए येडे, हितं बस की! लई ऊन हाय."

सुमन कोकराला सांगत होती. मी पुढे झाले, तशी गप्प झाली.

"ती लई बोलती, बाई," हौसाबाई म्हणाली. "तुमी नुसतं म्हन-म्हन करता. तिच्यासंगं बोलता कुटं?"

तेव्हा ते फार लागलं. आज वाटतं, त्या घरात मुकी मीच झाले होते.

त्या संध्याकाळी मी तिला काहीच म्हणायला लावलं नाही. भाकरी थापता थापता शाळेतलं, गळक्या कौलांचं, मनात येईल ते सांगत राहिले. मला इथं करमत नाही, हेही बोलून गेले.

सुमन माझ्याजवळ सरकली. मग म्हणाली, "तू बी येत जा की आमच्यात."