गार भिंत

नगरच्या एका महागड्या इटालियन हॉटेलात मंगळवारी दुपारी निम्म्या दरात जेवण मिळतं, म्हणून मी जातो. तिथंच दर मंगळवारी शेजारच्या टेबलावर एक काका दिसायचे. साठीचे, पांढरी टोपी गुडघ्यावर ठेवून बसणारे. मेनूकार्ड न उघडता पिझ्झा मागवायचे. पहिला तुकडा भाकरीसारखा उलटून खालची बाजू बघायचे, ‘‘बरोबर हाय’’ असं पुटपुटायचे आणि मगच खायचे.

गेल्या मंगळवारी जेवण झाल्यावर ते उठून सरळ पिझ्झा भाजायच्या विटांच्या भट्टीकडे गेले. नवा मॅनेजर धावत आला.

‘‘काका, हात लावू नका, भाजेल.’’

आत लाकडं धडधडत होती. त्यांनी बाहेरच्या भिंतीवर अख्खा तळवा टेकवला आणि तसाच ठेवला.

‘‘तुमी पन लावा. जन्मभर गुऱ्हाळाच्या भट्ट्या बांधल्या. ही बी मीच बांधली. भिंत तापली म्हंजी आतला जाळ वाया चालला.’’

मॅनेजरनं आधी बोट लावलं, मग तळवा. मीही उठून लावला. भिंत गार होती.

‘‘आजचं बिल राहू द्या, काका,’’ मॅनेजर हळूच म्हणाला.

त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

‘‘निम्मं तर तुमी आधीच सोडलंय. उरलेलं तरी घ्या, न्हाईतर पुढच्या मंगळवारी कोन्त्या तोंडानं येऊ?’’