शाल कुणाच्या मुलीला

सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळात दरवर्षी गुणवंतांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. या उकाड्यात शाल कशाला, असं मी प्रत्येक बैठकीत विचारत असे. पण माझ्या मुलीच्या कॉलेजचा फुटबॉल संघ एकही सामना न हरता साखळीतल्या शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला, त्या वर्षी गप्प बसलो.

खेळाडूंसाठी सत्कार एकच होता. अध्यक्षांची मुलगी दुसऱ्या कॉलेजकडून खेळायची आणि त्यांचा संघ जिंकण्यापेक्षा हरला जास्त होता. पुंगोलला अध्यक्षांच्या फ्लॅटमध्ये बैठक भरली.

"नुसता निकाल बघू नका," अध्यक्ष म्हणाले, "पेपर बघा. आमच्या पोरींना सगळे तगडे संघ आले. यांच्यासमोर होतं कोण?"

कार्यकारिणीत सगळे इंजिनियर. अवघड पेपरातले साठ म्हणजे सोप्यातले नव्वद, हे प्रवेश परीक्षेपासून आमच्या अंगात मुरलेलं. माना डोलल्या. निर्णय शेवटच्या सामन्यानंतर घ्यायचं ठरलं.

घरी येऊन मुलीला विचारलं.

"सोप्याच टीम होत्या, बाबा. एका टीमकडे तर नऊच जणी होत्या. दोन आम्हीच दिल्या."

"हे बाहेर बोलू नकोस."

"सगळ्यांना माहितीये, लाह," वाक्याला सिंगापुरी शेपूट लावत ती म्हणाली.

शेवटचा सामना नेमका या दोन कॉलेजांत झाला आणि आमच्या मुली हरल्या. अध्यक्ष खुशीत असणार, असं मला वाटलं. पण पुढच्या बैठकीत ते घाम पुसतच उभे राहिले. आमचा संघ लिंबूटिंबू, असं तेच सांगत आले होते. मग त्याला हरवण्यात काय मोठेपणा?

"यांच्या पोरी म्हणजे भिंत हो!" ते म्हणाले. "इतका तगडा संघ आम्ही वर्षभरात पाहिला नाही."

मीही मागे राहिलो नाही. ज्यांनी हरवलं ते जितके थोर, तितकी आपली हार लहान. "तुमच्या मुलींचं पासिंग बघत राहावं," मी म्हणालो. पासिंग म्हणजे नेमकं काय, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी माझ्या मुलीच्या डाव्या पायाची तारीफ केली, मी त्यांच्या मुलीच्या दोन्ही पायांची.

खजिनदार बाईंचे डोळे पाणावले. "दुसऱ्याच्या लेकीचं एवढं कौतुक! खिलाडूवृत्ती म्हणतात ती हीच. सत्कार या दोघांचाच करू या."

ठराव एकमताने मंजूर झाला. एकमतात आम्ही दोघं नव्हतो, पण आमचा नकार विनय समजला गेला.

शाल एकच असल्याने ती मला मिळाली, श्रीफळ अध्यक्षांना. फोटोत आम्ही दोघंही दाढदुखीचे रुग्ण दिसतो. मागच्या रांगेत दोन्ही मुली एकमेकींना टेकून हसत होत्या.

परतताना एमआरटीच्या मेट्रोत एसी नेहमीसारखा बोचरा होता. मुलीने काही न विचारता माझ्या खांद्यावरची शाल ओढून घेतली, पायांपर्यंत गुंडाळली आणि आमचं बुओना व्हिस्टा स्टेशन येईपर्यंत झोपली. मी कुडकुडत बसलो. सत्कार योग्य ठिकाणी पोचला होता.