तळहातावरच्या तीन थापा

जळकोटच्या सरजाबाईनं उभ्या जन्मात एका आवाजाचा राग राग केला. नवरा तंबाखू मळायचा आणि चुना झटकायला तळहातावर तीन थापा मारायचा, तो आवाज. सकाळचा चहा झाला की मारोती परसात जाणार, कडुलिंबाखालच्या धुण्याच्या दगडावर बसणार आणि थप, थप, थप. आत भाकरी करणाऱ्या सरजाबाईचं डोकं तिथंच फिरायचं. शाळेतल्या शिपायाच्या नोकरीला मारोतीनं कधी दांडी मारली नाही, आणि या व्यसनालाही नाही.

चिमूट तोंडात टाकून झाली की तो खिशातून शेंगदाणे काढायचा. झाडावरच्या खारी सरसर खाली यायच्या. त्यातली एक, तुटक्या शेपटीची, तर थेट त्याच्या पावलावर चढून बसायची. दारातून हे बघताना सरजाबाईला रागातही हसू यायचं. असल्या माणसाचा कुणाला लळा लागेल तर तो खारींनाच, असं ती शेजारणीला सांगायची.

मग त्याच्या गालात गाठ निघाली. लातूरच्या डॉक्टरांनी तंबाखू बंद केली. मारोतीनं मुकाट्यानं डबी काढून दिली आणि सरजाबाईनं ती उकिरड्यावर भिरकावली. चौथ्या दिवशी परसातून पुन्हा थप, थप, थप. ती पिठाच्या हातानं तशीच धावत गेली. मारोतीनं आ करून रिकामं तोंड दाखवलं.

"खारीला बोलवायलोय गं," तो म्हणाला.

"खारी काय तंबाखू खात्यात व्हय?"

तोंडाला येईल ते ती बोलली. पोरीच्या गळ्याची शपथ घातली. त्यानंतर मारोतीनं हातावर हात मारला नाही. दगडावर बसून नुसता झाडाकडं बघायचा. पंधरा दिवसांत त्यानं अंथरूण धरलं आणि दिवाळीच्या आधीच तो गेला.

लेक विशाखा नांदेडला दवाखान्यात नर्स. आईनं एकटं राहू नये म्हणून ती हट्टाला पेटली. बुद्धपौर्णिमा झाली की न्यायला येते, असं ठरलं आणि सरजाबाईही हो म्हणाली. फक्त जायच्या आधी एकदा, एकदाच, खार आपल्याजवळ यावी असं तिला फार वाटत होतं. नवऱ्याचं तेवढंच काय ते मागं उरलं होतं. तिनं जिभेनं च्च-च्च केलं, डबा वाजवला, त्याच्यासारखं खाकरून बघितलं. खारी फांदीवरून बघायच्या आणि वर पळायच्या. चाळीस वर्षं एका घरात काढली आणि या माणसाचं काहीच आपल्याला आलं नाही, याचं तिला रडू यायचं.

निघायच्या आदल्या सकाळी ती लेकीसाठी चटणी करायला बसली. भाजलेले दाणे घेऊन परसदारच्या उंबऱ्यावर आली, मूठ मूठ चोळून फोलपटं फुंकली आणि हाताला चिकटलेली झटकायला तळहातावर थापा मारल्या. एक, दोन, तीन.

झाडावरून काहीतरी सरसरत खाली आलं. तीच, तुटक्या शेपटीची. सरजाबाईनं श्वास रोखून दाणे पुढं केले. खारीनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती धुण्याच्या दगडावर चढली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि मान वळवून वळवून कुणाला तरी शोधू लागली. मारोतीचं ते उघडं, रिकामं तोंड सरजाबाईच्या डोळ्यांपुढं आलं. खार झाडावर गेली तरी ती तिथंच बसून होती.

तेवढ्यात विशाखाचा फोन आला. बॅग भरली का, म्हणून विचारत होती.

"भरली हाय," सरजाबाई म्हणाली. "पर मी न्हाई येत, बाई. तुजे पप्पा खोटं बोलत नव्हते. आन त्यांची वाट बघणारं हितं अजून एक जण हाय."

"कोण गं?"

सरजाबाईनं फोन उंबऱ्यावर ठेवला आणि तळहातावर तीन थापा मारल्या.