ताणावरची बाग

पौषात एक संत्र्याची बाग पाहायला गेलो. बागा विकत घेणं हा माझा धंदा आणि दोष काढणं ही सवय. झाडांची पानं मलूल होऊन लोंबत होती. मी म्हणालो, "काकू, बाग तर मेली. भाव खाली आणा."

बागेच्या मालकीणबाई हसल्या. "मेली नाही भाऊ, ताणावर आहे. पाणी आम्हीच तोडलं. तहानल्याबिगर झाड बहरत नाही, हे तुम्हाले मी सांगू?"

मला ते ठाऊक होतंच. पण त्या बोलण्यानं माधव आठवला. शाळेपासूनचा मित्र, कवी. भरल्या बैठकीत तो एकदा म्हणाला होता, "याला झाडात भाव दिसतो, पण बाजारातला!" सगळे हसले, माझं डोकं फिरलं, बोलणं तुटलं. बायको गेल्यापासून त्यानं एक ओळ लिहिली नाही, हे कळलं तेव्हा मी म्हणालो होतो, "संपला तो."

कवी झाडाकडून फुलं घेतात, गंध घेतात. त्याआधीची ही तहान त्यांच्या कवितेत मला कधी दिसली नाही. कदाचित ती कवितेत येत नसेल. कविताच तिच्यातून येत असेल.

घासाघीस अर्धी सोडून मी त्याला फोन लावला.

"संत्र्याच्या बागेतून बोलतोय. ताणावर आहे. फुलली की पाहायला ये. आणि तो टोमणा मी विसरलेलो नाही."

मग त्यानं हळूच विचारलं, "वास कधी सुटेल रे?"