वावरं वाटल्यावर

नांदुऱ्यात शेतमजुरांच्या बैठकीत एक म्हातारे कॉम्रेड वर्षानुवर्षं चीनची क्रांती सांगतात. दर वाक्यानंतर खोकतात आणि "समजलं का दादाहो?" असं विचारतात. जमीनदारांची वावरं गरिबांना वाटली गेली, की त्यांची गोष्ट संपते.

परवा एका मजूर बाईनं विचारलं, "मंग पुढं त्या लोकाइले पोटभर भेटलं का?"

ते म्हणाले, "नाही बाई. सरकारनं वावरं वापस घेतले. लय लोक उपाशी मेले. मले माहीत होतं, पण सांगाची हिंमत झाली नाही."

बैठकीला आलेली कम्युनिस्ट पक्षाची माणसं चिडून उठून गेली. बाई मात्र हलली नाही.

"आता खरं सांगून राह्यले, तं सगळंच सांगा बाबा."

ते थकून खाली बसले आणि पुढचं सांगू लागले.