कानाचं काम

धसईला शेजारच्या हळदीत स्पीकर लावायला आलेला तो माणूस आमच्याकडे पाणी प्यायला आला, तेव्हा मी लॅपटॉपसमोर रडकुंडीला आलो होतो. दहा मिनिटांनी नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती आणि नव्या इअरबडमधून आवाज मडक्यातून आल्यासारखा येत होता.

त्याने न विचारता एक बड शर्टाला पुसून कानात घातला, डोळे मिटले आणि वैद्याने नाडी बघावी तसा गप्प उभा राहिला.

“माइक पण ह्याचाच लावलाय ना?” तो म्हणाला. “कानाला ऐकायचंच काम द्यावं. बोलायला लावलं का ते नीट ऐकत नाय.”

त्याच्या सांगण्यावरून मी सेटिंगमध्ये लॅपटॉपचा माइक निवडला. आवाज एकदम स्वच्छ झाला. तो मान डोलावत मांडवाकडे गेला.

मुलाखतीत पलीकडच्या बाईंचा शब्द न् शब्द ऐकू आला. पहिलाच प्रश्न होता, “लग्न तुमचंच आहे का?” लॅपटॉपचा माइक अख्खी हळद त्यांच्यापर्यंत पोचवत होता. मुलाखत तीन मिनिटांत आटोपली.

मी तावातावाने मांडवात गेलो. मला बघून त्याने गाणं बारीक केलं आणि काळजीने विचारलं, “पलीकडं क्लिअर गेला ना आवाज?”

इतक्या आपुलकीने विचारणाऱ्याशी भांडणार कसं? “क्लिअर गेला,” मी म्हणालो.